पस्तीस की पन्नास

मागच्या वर्षी आमची मोठी खाला गेली. दफनविधीच्या दुसऱ्याच दिवशी दम्मामला नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाचा मेसेज आला. त्याला येता आलं नव्हतं. "अम्मी का कोई अच्छा फोटो है क्या आपा, भेजो ना." आम्ही बहिणींनी सगळ्यांचे मोबाइल धुंडाळले. लग्नातले फोटो सापडले, अकीक्याचे सापडले. पण प्रत्येक फोटोत खाला मागच्या रांगेत, नाहीतर पदर तोंडावर, नाहीतर नेमकी फोटोच्या वेळी आत चहा टाकायला गेलेली. चाळीस वर्षं विड्या वळून तिने चार मुलं वाढवली, आणि तिचा समोरून काढलेला एकच फोटो निघाला, आधार कार्डावरचा. तोच मोठा करून पाठवला. मोठा केल्यावर तो आणखी पुसट झाला.

त्या दिवशी ठरवलं की अम्माचा एक तरी धड फोटो काढायचाच. लेन्सची सगळी भानगड इथून सुरू झाली. कॅमेऱ्यावर लिहिणारे बहुतेक लोक 'कुठली लेन्स चांगली' इथून सुरुवात करतात. माझ्यासारख्या उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईने त्या वाटेने जाऊन पैसे घालवले, म्हणून हे लिहितेय.

कॅमेरा घरात होता. पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने नवा घेतला तेव्हा जुना निकॉन डी ५३०० माझ्या गळ्यात घातला. सोबत १८-५५ची लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याच्या खोक्यातच येते ती. गॅदरिंगचे, वृक्षारोपणाचे, शाळेच्या अहवालात चिकटवायचे फोटो त्यावर बरे येत. उघड्या मैदानावर कुठलाही कॅमेरा शहाणाच असतो.

अम्मा आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे भावाकडे राहते. सोलापुरात जुन्या वस्तीतली घरं कशी असतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. समोरचं घर हात लांब केला तर लागेल इतकं जवळ. स्वयंपाकघराला एक खिडकी, तिच्यातून सकाळी तासभर उजेड येतो, आणि तोही समोरच्या भिंतीवर आपटून. त्या तासात अम्मा भाकऱ्या करते. खाली पाटावर बसून, शेगडी जमिनीवर ठेवून. सुनेने ओट्याजवळ उभं राहायला सांगून पाहिलं, पण उभ्याने भाकरी थापली जात नाही असं अम्माचं ठाम मत आहे. रविवारी सकाळी मी तिथे जाते. मला जो फोटो हवा होता तो त्या तासातला होता.

पहिल्या रविवारी कॅमेऱ्याने आपणहून फ्लॅश उघडला आणि अम्माने दोन्ही डोळ्यांवर पिठाचे हात धरले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला झगमगाट सोसत नाही. "अगे, ये बिजली नक्को मार गे आँखां में!" फोटोत नुसते पिठाचे पंजे आले. दुसऱ्या रविवारी फ्लॅश बंद ठेवला. चेहरा आला, पण थापणारे हात म्हणजे पांढरा धूर. लेन्सवर 'व्हीआर' लिहिलेलं होतं, म्हणजे थरथर सावरणारी यंत्रणा. मला वाटलं, ती बिघडली असेल. भाच्याला फोन केला तर तो हसला. "खाला, वो आपके हाथ की थरथर रोकता है. नानी के हाथ थोड़ी रोकेगा!"

किती साधी गोष्ट, पण मला चाळिशी ओलांडल्यावर कळली. आपला हात हलला तर यंत्र सावरतं. समोरचं माणूस हललं तर एकच उपाय, कॅमेऱ्याचं दार पटकन उघडून पटकन मिटायचं. पण पटकन मिटलं तर उजेड कमी आत येतो. मग दारच मोठं हवं. इंग्रजीत 'फास्ट' लेन्स म्हणतात ती ही. लेन्स स्वतः वेगवान नसते, तिचं भोक मोठं असल्यामुळे आपल्याला वेग परवडतो.

यातले आकडे मुलांच्या अपूर्णांकांसारखे उलटे चालतात. एफ १.८ हा एफ ५.६ पेक्षा मोठा, कारण हा आकडा छेदात बसतो. लेन्सच्या नाभीय अंतराला त्या आकड्याने भागायचं की भोकाची रुंदी मिळते. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर उघडली तर भोक साधारण १९ मिलिमीटरचं, आपल्या एक रुपयाच्या नाण्याहून थोडं लहान. उजेड मात्र भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून तो वर्गाच्या पटीत वाढतो. माझी जुनी लेन्स ३५ वर फार तर एफ ४.५ उघडायची. तिथून १.८ वर गेलं की उजेड सहापटीहून जास्त. अम्माच्या स्वयंपाकघरात आयएसओ ३२०० ठेवून मला सेकंदाचा बारावा भाग मिळत होता, तोच ऐंशीव्या भागाच्या आसपास जाणार होता. बाराव्या भागात हाताचा धूर होतो. ऐंशीव्या भागातही तो पुरता थांबत नाही, पण हात आहे हे कळतं, बोटं मोजता येतात.

झूम नसलेली, एकाच अंतराची लेन्स म्हणजे प्राइम. झूम सोडून दिलं की एवढं मोठं भोक छोट्याशा, हलक्या, परवडणाऱ्या लेन्समध्ये बसतं. इथपर्यंत समजलं आणि मी घाई केली.

जिथे वाचावं तिथे एकच सल्ला होता, पहिली प्राइम पन्नासच घ्या. कार्तिए-ब्रेसाँने जन्मभर बहुतेक काम पन्नासवरच केलं, आपलं काय घेऊन बसलात! मीही शहरातल्या एका दुकानातून जुनी ५० मिलिमीटर एफ १.८ घेतली. दुकानदाराला विचारलं, "माझ्या कॅमेऱ्याला लागेल ना?" तो म्हणाला, "मॅडम, निकॉनचीच आहे, का नाही लागणार?" लागली. टक् आवाज करून मस्त बसली. फक्त फोकस होईना. ती होती जुन्या 'डी' प्रकारची. तिच्यात फोकस फिरवणारी मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते, आणि निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत ती नाहीच. नावात 'एएफ-एस' असलेली लेन्स घ्यायला हवी होती. दुकानदार खोटं बोलला नव्हता. मी 'लागेल का' विचारलं, 'चालेल का' विचारलं नाही. वर्गात शब्दांच्या अर्थछटा शिकवणाऱ्या बाईची ही गत.

दोन रविवार हाताने फोकस करून पाहिलं. चष्मा, छोटासा व्ह्यूफाइंडर आणि एक क्षण स्थिर न बसणारी अम्मा. चाळीसेक फोटोंमध्ये तिच्या मागच्या डब्यांवरची नावं अगदी स्वच्छ आली. जिरं, मोहरी, सुंठ. पंधराशे रुपये सोसून लेन्स परत केली.

पण त्या दोन रविवारी फोकसपेक्षा मोठी अडचण कळली होती. मी भिंतीला, म्हणजे भांड्यांच्या मांडणीला पाठ टेकवून बसले होते. त्याहून मागे जायचं तर मांडणी पाडूनच. तरीही चौकटीत अम्मा आली की तवा बाहेर, आणि तवा घेतला की अम्माचं अर्धं तोंड बाहेर.

मग भाच्याने सुचवलेला प्रयोग केला. माझ्या मते लेन्स घेण्याआधी प्रत्येकाने तो करावा, फुकट आहे. जुन्या १८-५५ची झूमची कडी ३५च्या खुणेवर आणून वर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी लावली. आठवडाभर जे काढायचं ते तेवढ्यावरच. पुढच्या आठवड्यात पट्टी ५० वर. पन्नासची खूण त्या कडीवर नसते, ४५ आणि ५५च्या मधे अंदाजाने धरायची. फोटो अंधारेच येतात, येऊ द्यावेत. आपण कुठे बसतो, कुठे अडतो, एवढंच बघायचं.

पन्नासच्या आठवड्यात मी सतत मागे सरकत होते. शाळेत फळ्याजवळच्या मुलीला चौकटीत बसवायला दुसऱ्या बाकापर्यंत मागे जावं लागे आणि तोवर ती सावध होऊन ओढणी नीट करायला लागे. पस्तीसच्या आठवड्यात बसल्या जागेवरून काम होत होतं. रात्री हिशेब मांडला. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे. सहा फुटांवरून पन्नास पावणेतीन फुटांची रुंदी दाखवते, पस्तीस चार फुटांची. अम्मा, परात, शेगडी आणि तवा मिळून बरोबर चार फूट होतात. टेपने मोजले. अम्माने विचारलं, "क्या मापती गे, कबर?" तिचा विनोद असाच असतो.

पन्नासचा सल्ला चुकीचा नाही. तो ज्या कॅमेऱ्यासाठी होता तो कॅमेरा माझ्याकडे नव्हता, इतकंच. १९२५ साली लायका बाजारात आला तो ५० मिलिमीटरची लेन्स घेऊन, पण त्याच्या फिल्मवरची चौकट ३६ मिलिमीटर रुंद होती. माझ्या लहान सेन्सरवर पन्नास ही पंचाहत्तरसारखी दिसते, आणि पस्तीस साधारण बावन्नसारखी. म्हणजे कार्तिए-ब्रेसाँची पन्नास माझ्यासाठी पस्तीस होती. उस्तादाची नक्कल करताना शागिर्दाने कपडे स्वतःच्या मापाचे शिवावेत.

मधे एकदा १.४चा मोहही झाला. १.८ पेक्षा १.४ मध्ये साधारण दीडपटीहून थोडा जास्त उजेड येतो. पण निकॉनची ३५ मिलिमीटर १.४ सहाशे ग्रॅमची आहे आणि किंमत माझ्या पगाराला लाजवणारी. माझ्यासाठी बनलेली १.८ फक्त दोनशे ग्रॅमची. शिवाय भोक जितकं मोठं तितकी फोकसची जागा पातळ. पस्तीसने १.८ वर मीटरभर अंतरावरून फोटो काढला तर जेमतेम सहा सेंटिमीटरचा पट्टा स्वच्छ येतो, पन्नासने तीनच. अम्माने मान थोडी वळवली की एक डोळा धारदार आणि दुसरा धुक्यात.

उर्दू शाळेत विज्ञान दिन आला की इब्नुल हैसमचं नाव निघतंच, आणि कुणीतरी ठोकून देतं की कॅमेरा त्यांनीच शोधला. तसं नाही. पण सूर्यग्रहणाच्या आकारावरच्या त्यांच्या निबंधात एक निरीक्षण आहे, जे मला या उद्योगात फार उपयोगी पडलं. ग्रहणातल्या सूर्याचा उजेड बारीक भोकातून अंधाऱ्या जागी पाडला तर भिंतीवर चंद्रकोर दिसते, भोक मोठं केलं तर कोर पुसून गोल डाग होतो. हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब आजही लागू आहे. भोक मोठं केलं की उजेड मिळतो, त्याची किंमत स्वच्छपणात मोजावी लागते. कॅमेऱ्यात लेन्स असते म्हणून आपल्याला निदान ती पातळ पट्टी तरी स्वच्छ मिळते.

इथपर्यंत सगळं आकड्यांचं झालं. पण अम्मा फोटोला तयार का नव्हती हे मी इतके रविवार विचारलंच नव्हतं.

आमच्या अब्बांना घरात तसवीर चालत नसे. भेट आलेलं कॅलेंडर चित्राचं निघालं तर उलटं टांगायचे, मागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहायचे. तसवीरबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत हे मला पुढे वाचून कळलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात मिसरचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे धरून ठेवलेली सावली, आरशातल्या प्रतिबिंबासारखी, अशा अर्थाची मांडणी करून तो जायज ठरवला होता. त्याला न मानणारेही पुष्कळ आहेत, आणि पासपोर्टासाठी मात्र सगळेच फोटो काढतात. मी हे सगळं तयारी करून अम्माला समजवायला गेले. मुफ्तीसाहेबांचं नाव सांगितलं. तिने पीठ मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वो सब ठीक है गे. पर मेरे मूँ में क्या रखा है देखने कू?"

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. तिने जन्मभर आमच्या कपड्यांना इस्त्री करून, केसाला तेल लावून आम्हाला फोटोसाठी पुढे उभं केलं आणि स्वतः मागे सरकली. खालाही तशीच सरकत गेली होती.

शेवटी तडजोड झाली. तोंड नाही, फक्त हात. आणि कुणाला दाखवायचे नाहीत.

लेन्स आली ती 'एएफ-एस डीएक्स निक्कोर ३५ मिलिमीटर एफ १.८ जी'. निकॉनने ती २००९ साली काढली, म्हणून जुनीही भरपूर मिळते. मी एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून सात हजारांना घेतली. या वेळी आधी स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून, फोकस करून, काचेत टॉर्च मारून बुरशी बघून घेतली. पस्तीस तीस सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. निकॉनचीच मोटरवाली पन्नास ४५ सेंटिमीटरच्या आत चालत नाही. हातांचे फोटो काढायचे तर हा वीतभर फरक महत्त्वाचा.

पुढचे दोन महिने मी फक्त हात काढले. परातीत गोल फिरणारी भाकरी, बोटांच्या पेरांत अडकलेलं पीठ, तव्यावर पाणी फिरवणारा तळवा. काही खोडी कळत गेल्या. ढगाळ दिवशी ट्यूब लावली तर फोटोवर आडव्या पट्ट्या येत. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्ट्या जातात. दुसरी खोड लेन्सचीच. १.८ वर पूर्ण उघडली की उजेडाच्या बाजूला पांढऱ्या कापडाच्या कडेवर जांभळी-हिरवी झाक येते. अम्माची नमाजची ओढणी पांढरी, आणि खिडकी मागे. २.५ पर्यंत मिटवली की झाक बरीच कमी होते. म्हणजे १.८ची लेन्स घेऊन मी बऱ्याचदा २.५ वर काढते. तरीही पैसे वाया गेले असं वाटत नाही. काळोख पडायला लागला की ते शेवटचं अर्धं दार उघडायला मिळतं.

शाळेतल्या मुली विचारतात, "मिस, मोबाइल में पोर्ट्रेट मोड है ना, ये डब्बा कायकू?" मोबाइलची मुख्य लेन्स खरं तर प्राइमच असते, आणि तिचं भोकही आकड्याने मोठं असतं. सेन्सर मात्र नखाएवढा, म्हणून मागचं धूसर करायचं काम हिशेबाने होतं. त्या हिशेबाला ओढणीची झिरझिरीत कड कळत नाही, कापून टाकतो. उजेडात मोबाइलनेच काढा, मीही काढते. डब्बा माझ्या त्या एका तासासाठी आहे.

पन्नासचं दुःख मात्र थोडं राहिलंय. नुसत्या चेहऱ्याने चौकट भरायची असेल तर पस्तीस घेऊन फार जवळ जावं लागतं आणि नाक जरा मोठं दिसतं. भाचीच्या निकाहाच्या आदल्या दिवशी मेंदी लावताना तिचा चेहरा मी पस्तीसने काढला आणि तिने लगेच पकडलं. तिथे पन्नास हवी होती. पण तसे प्रसंग वर्षातून दोन, आणि भाकऱ्या रोजच्या.

हातांचे फोटो चालू असताना एका रविवारी अम्मा स्वतःच म्हणाली, "इत्ता निकालती, बता तो सही." मी कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा पुढे केला. तिने एकेक फोटो पाहिला. एका फोटोवर थांबली. तो मी चोरून काढला होता, सांगून टाकते. तवा तापायची वाट बघत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, पदर थोडा मागे गेलेला, डाव्या गालावर समोरच्या भिंतीचा उजेड. सेकंदाचा ऐंशीवा भाग, एफ १.८. मागचे डबे विरघळून गेलेले, पण परात आणि तवा चौकटीत.

ती ओरडेल म्हणून मी गप्प बसले. तिने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. पिठाचं बोट पडद्यावर लागलं.

"ये मैं नई," ती म्हणाली. "ये तो आपा दिखरी."

मी वाकून पाहिलं. खालाच होती. तीच हनुवटी, ओठ मिटून वाट बघायची तीच तऱ्हा. दोघी बहिणी एकमेकींसारख्या दिसतात हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्या कुठल्याच फोटोत शेजारी उभ्या नव्हत्या.

तव्यातून धूर यायला लागला तेव्हा तिने कॅमेरा परत दिला.

"दम्माम कू भेज दे ये. इस्टेटस कू नक्को लगा बोल उसकू," म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.